फोटो काढण्यापूर्वी विचारा

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतली मुले बाबासाहेब होतात, मुली सावित्रीमाई आणि रमाई होतात. लगेच मोबाईलवाल्यांची झुंबड उडते. कोणी मुलीचा हात धरून तिला उभी करतो, कोणी पदर सारखा करतो, कोणी चालता चित्ररथ अडवतो. लेकरू गांगरते. रात्री तोच फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, एखादा त्यावर घाणेरडा शेरा मारतो. मग पुढल्या जयंतीला आईबाप मुलीला पाठवतच नाहीत. नुकसान कोणाचे? सगळ्या वस्तीचे.

अमेरिकेत न्यूयॉर्कला ‘कॉमिक कॉन’ नावाचा मेळा भरतो. चित्रकथांमधल्या पात्रांचे वेश करून लोक येतात. तिथे २०१४ साली फलक लागले : वेश केला म्हणजे संमती दिली, असे नव्हे. हे आपल्यालाही लागू आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, आधी लेकराला आणि त्याच्या आईबापांना विचारा. अंगाला हात लावू नका. ‘नको’ म्हटले तर बाजूला व्हा. फोटोखाली मुलीचे नाव, शाळा, पत्ता टाकू नका. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मिरवणूक निघण्याआधी फोटोसाठी थोडा वेळ राखून ठेवावा. फोटो चांगला आला तर एक प्रत त्या घरी पोहोचवा.

वेशाला आपण हात जोडतो. वेशातल्या लेकराचाही मान राखू या.