सात अंदाजांचा खेळ

१ ते १०० मधली एक संख्या संगणकाने मनात धरायची आणि आपण ती ओळखायची. अंदाज कमी पडला तर तो ‘मोठी सांगा’ म्हणतो, जास्त झाला तर ‘लहान सांगा’. खेळ एवढाच. तरी पन्नास वर्षे झाली, नवी संगणकभाषा आली की कोणी ना कोणी तो तिच्यात लिहून बघतोच. गेल्या उन्हाळ्यात भोपाळच्या घरी भाचीसाठी मी तो जुन्या बेसिकमधून पायथनमध्ये उतरवला, आणि मग त्याची वंशावळ काढत बसलो.

बेसिक पहिल्यांदा चालली १ मे १९६४ रोजी, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हट्ट. एकाच यंत्राला जोडलेल्या टर्मिनलांवरून शाळकरी मुले खेळ लिहू लागली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या डेव्हिड आल यांनी तसे खेळ जमवून १९७३ मध्ये पुस्तक काढले आणि १९७८ मध्ये घरगुती संगणकांसाठी त्याची नवी आवृत्ती केली. दहा लाखांवर खपलेले संगणकावरचे हे पहिले पुस्तक. गंमत म्हणजे ही आवृत्ती स्वतःच एक पोर्ट होती. मोठ्या यंत्रांच्या बेसिकमधले खेळ तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये आणलेले होते. आपला खेळ तिच्यात ‘गेस’ या नावाने आहे. लेखक वॉल्ट केट्के, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन हायस्कूलचे.

प्रोग्रॅम पन्नास ओळींच्याही आत संपतो. त्यातली ओळ ११ शिक्षकाची आहे, हे लगेच कळते. तुम्ही दिलेल्या मर्यादेचा लॉग घ्यायचा, त्याला २च्या लॉगने भागायचे, अपूर्णांक टाकायचा, एक मिळवायचा. निघतो तो आकडा म्हणजे दर वेळी उरलेल्यांतली मधली संख्या विचारत गेलात तर फार तर लागतील तेवढे अंदाज. १००ला सात, १०००ला दहा. जास्त लागले तर यंत्र सुनावते, की एवढ्यातच जमायला हवे होते. बरोबर तेवढे लागले तर ‘गुड’, आणि कमी लागले तर ‘व्हेरी गुड’. त्यासाठी दोन वाक्ये मात्र लिहिलेली नाहीत. ओळ ५८ फक्त ‘व्हेरी’ छापते आणि पुढे घरंगळत ६०वर येते. तिथे ‘गुड’ आहेच. साधी शाबासकी हवी असेल तर उडी थेट ६०वर. ‘गोटू’ या उडीच्या आज्ञेला शिव्या देणाऱ्यांनी ही जागा एकदा पाहावी.

१९८४ म्हटले की भोपाळात वायुदुर्घटनेशिवाय दुसरे काही आठवत नाही, आठवूही नये. पण देशातल्या अडीचशे शाळांपासून सुरू झालेला ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा सरकारी प्रकल्पही त्याच वर्षीचा. त्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो हे संगणक आले. पुढे स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची परवान्याने बनलेली देशी आवृत्ती बाजारात आली. पुस्तकातला प्रोग्रॅम बीबीसीवर टाइप केला तर चालायचा, तोही जरा नशिबानेच. तिथे लॉग म्हणजे १० पायाचा लॉग, पण लॉगला लॉगने भागायचे असल्याने उत्तर बदलत नाही. स्पेक्ट्रमवर लॉग नाहीच, एलएन आहे. किंमत देताना दर वेळी आधी ‘लेट’ हवे, ‘देन’पुढे नुसता ओळीचा क्रमांक चालत नाही. म्हणजे पुस्तकातून उतरवून घेणारे प्रत्येक पोर पोर्टच करत होते, फक्त त्याला तसे कोणी सांगितले नव्हते. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे ‘चकमक’ हे मुलांचे मासिक १९८५ मध्ये सुरू झाले. त्यातली कोडी सोडवणाऱ्या मुलांना मधली संख्या विचारायची युक्ती नवी वाटली नसती.

पुढे टर्बो सीच्या निळ्या पडद्याचा काळ आला. त्यातल्या असल्या खेळांबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही.

२०२१ मध्ये प्रोग्रॅमर जेफ अ‍ॅटवुड यांनी आल यांच्या पुस्तकातले सगळे खेळ दहा आधुनिक भाषांत आणायची मोहीम काढली. अट साधी: आजच्या रीतीने लिहा, पण चलाखी दाखवू नका. पुढच्याच वर्षी आल यांनी आपले लेखन सर्वांसाठी खुले केले. रस्ट भाषेच्या अधिकृत पुस्तकात तर दुसरे प्रकरणच संख्या ओळखायच्या खेळाचे आहे.

माझ्या पायथनमध्ये ओळ ११ एका शब्दात आटोपली. पूर्णांक दोनच्या पद्धतीत लिहायला किती अंक लागतात हे पायथन थेट सांगते, आणि हाच तो केट्के यांचा आकडा. २०११च्या जनगणनेत भोपाळ शहराची वस्ती अठरा लाखांच्या जवळ होती. त्यातला एक माणूस हो-नाहीवर नाही, कमी-जास्तवर शोधायचा तर एकवीस अंदाज पुरतात. ‘व्हेरी गुड’ची घसरगुंडी मात्र गेली, तिच्या जागी एक शहाणी, कंटाळवाणी अट आली.

भाची खेळायला बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मामा, हे बंद कसं करायचं? दर वेळी नवीच संख्या धरतंय.” मूळ प्रोग्रॅमला शेवट नाही. शून्य किंवा उणे संख्या दिली तर तो मर्यादा पुन्हा विचारतो, एवढेच, आणि हेही खेळणाऱ्याला कुठे सांगत नाही. त्या काळी बीबीसीवर एस्केप दाबून मोकळे व्हायचे. मी बाहेर पडायची सोय घातली. मुळाशी इमान राखायचे तर घालायला नको होती; पण समोर बसलेल्या पोरीला इतिहास सांगून गप्प करण्यापेक्षा हे बरे. दुसरा बदल आपोआप झाला. पुस्तकातल्या प्रोग्रॅमला यादृच्छिक बीज दिलेले नव्हते, त्यामुळे त्या काळच्या कित्येक यंत्रांवर संगणक चालू केला की पहिली संख्या रोज तीच यायची. पायथनमध्ये ही फुकटची जीत मिळत नाही.

मग तिने मोबाइलचा मराठी कीबोर्ड उघडून ‘४२’ लिहिले. पायथनने ते निमूट बेचाळीस धरले, जावाही धरते. रस्ट नाकारते, आणि जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नाही. तिला हा खेळ मैत्रिणींच्या मोबाइलवर, ब्राउझरमध्ये हवा होता, म्हणजे जावास्क्रिप्टच. तेव्हा आमच्या ‘गेस’मध्ये आता केट्के यांच्याकडे नसलेल्या दहा ओळी आहेत, शून्यापासून नऊपर्यंत. त्या तिनेच टाइप केल्या.