पक्षी पाहताना अंतर का ठेवायचे?

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ. २०२० मध्ये हा दर्जा जाहीर झाला. थंडीत येथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. काही थेट हिमालय ओलांडून येतात.

अंतर कशासाठी?
अंगात साठलेली चरबी हेच परतीच्या प्रवासाचे इंधन. फोटोसाठी कुणी जवळ गेले, की अख्खा थवा उडतो. शक्ती खर्च होते, चरण्याचा वेळही जातो. हे रोज घडले, तर परतीची शिदोरी अपुरी पडते.

काय कराल?
सकाळी लवकर जा. निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहा. भडक कपडे टाळा. पक्षी चरणे थांबवून माना उंचावू लागले, तर समजा, तुम्ही फार जवळ आलात. हळूच मागे या.