भिंत पातळ, झोप कच्ची

पलीकडच्या खोलीत मोबाइल वाजला की अलीकडच्या माणसाचा हात उशाखाली जातो, इतक्या आपल्या वस्तीतल्या भिंती पातळ. कुठे चार इंची वीट, कुठे नुसता पत्रा. खोकला, भांडण, बाळाचं रडणं, रात्री अकराची मालिका, सगळं दोन्ही घरांचं सामायिक. विचारलं तर लोक म्हणतात, "सवय झालीय."

मनाला सवय होते, शरीराला तेवढी होत नाही. झोपेतही कान चालूच असतात. आवाजाने जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. एखाद्या रात्रीने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात बीपीची गोळी चालू असेल तर झोप कशी लागते, हेही डॉक्टरांना सांगा. ते बहुधा विचारणार नाहीत.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. पण रात्रपाळी करून आलेला वॉचमन किंवा पहाटे चारला झाडूकामाला निघणारी बाई यांची झोप दुपारची. ती कोणत्याच नियमात बसत नाही. ती गल्लीनेच सांभाळायची.

मुलांचं नुकसान तर निकालातच दिसतं. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेला लागून उंचावरून रेल्वे जात असे. रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे पडल्याचं १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं आणि हा फरक मिटला. मुलं तशीच होती, आवाज कमी झाला होता. परळच्या डबक चाळीत एका खोलीच्या संसारात रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत, ते चाळ शांत झाल्यावर. आज आपल्या गल्लीत रात्री दोनला तरी शांतता असते का?

खर्चाविना काय करता येईल ते पाहू. आवाज वजनदार वस्तूने अडतो आणि फटीतून घुसतो. पुष्कळ घरांत मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नाही, वर वीतभर मोकळं असतं. ते विटा-सिमेंटने बुजवा, अर्धा गोंगाट तिथेच थांबतो. (हवेसाठी दाराकडची खिडकी मात्र उघडी ठेवा. चुलीचा किंवा गॅसचा धूर कोंडता कामा नये.) कपड्यांचं किंवा पुस्तकांचं भरलेलं कपाट सामायिक भिंतीला लावा. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवून काही होत नाही. ते वजनाला हलके, शिवाय आग लागली तर भडकतात. मिक्सर आणि शिलाई मशीनखाली जाड रबर घाला, खलबत्त्याखाली गोणपाटाच्या चार घड्या. एसआरएच्या इमारतीत गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. वरच्या मजल्यावरची सरकवलेली खुर्ची खालच्याच्या छतात वाजते आणि खालचा त्यावर काहीच करू शकत नाही. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या वरच्यानेच लावायच्या असतात.

आता थोडं कडू. जयंतीचा डीजे. इतरांच्या सणांतही वाजतो हे खरं, पण हे पान आपल्या घरांत वाचलं जातं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास कानाला सोसतो असं मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं चार-चार तास तिथेच असतात, आणि चिंचोळ्या गल्लीत पत्र्यांवरून तोच आवाज परत आदळतो. विहाराच्या भोंग्यावरची पहाटेची वंदनाही तपासून पाहावी. जीवक वैद्याच्या आंबराईत साडेबाराशे भिक्खू बसलेले असताना इतकी शांतता होती, की अजातशत्रू राजाला दगाफटक्याची शंका आली, असं सामञ्ञफल सुत्तात आहे.

जयंती मंडळाच्या बैठकीत महिला मंडळाने तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: स्पीकरचं तोंड घरांकडे नको, तान्ही बाळं आणि गरोदर बाया मिरवणुकीत स्पीकरजवळ नकोत, आणि दहाला बंद म्हणजे बंद. सांगूनही रात्री आवाज थांबत नसेल तर ११२ वर फोन करता येतो.

मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, दुसऱ्या दिवशीही कमी ऐकू आलं, तर कानात तेल टाकू नका. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात लगेच जा. अचानक ऐकू येईनासं झालं तर उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.