अब्रूची संकल्पना : जपानी, पाश्चात्त्य आणि मराठी संदर्भ

सन्मानाचा विचार करताना जपान व पाश्चात्त्य जग ही दोन टोके मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मधील आपल्या ग्रंथात जपानी संस्कृतीला लज्जाप्रधान, तर पाश्चात्त्य संस्कृतीला अपराधभावप्रधान ठरविले. पहिलीत माणसाचे मोल समाजाच्या नजरेत ठरते, दुसरीत त्याच्या सदसद्विवेकात. बेनेडिक्ट स्वतः जपानला कधीही गेल्या नव्हत्या, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

मराठी भाषकाला ही विभागणी अपुरी वाटते. ‘अब्रू’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘चेहऱ्याचे पाणी’ असा आहे. जपानी ‘मेन्त्सु’ या प्रतिष्ठावाचक शब्दातही चेहराच आहे. इंग्रजी अमलात झालेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेलाही ही जाणीव टाळता आली नाही. कलम ४९९ नुसार जातीच्या वा व्यवसायाच्या संदर्भात एखाद्याचे चारित्र्य हीन दाखविणे, तसेच आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृतावर आरोप करणे, ही अब्रुनुकसानीच होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये या तरतुदी कायम आहेत. इंग्लंडच्या दिवाणी कायद्यात आरोप खरा असणे हा सामान्यतः पुरेसा बचाव होय. भारतीय फौजदारी कायद्यात तो लोकहिताचाही असावा लागतो. जपानच्या १९०७ च्या दंडसंहितेत तर आरोप खरा असला तरी गुन्हा घडतो. लोकहिताचा अपवाद १९४७ मध्ये जोडला गेला.

जपानी ‘गिरी’ म्हणजे उपकाराची वा ऋणाची परतफेड करण्याचे सामाजिक बंधन. वडवणी तालुक्यातून व एकूणच बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांची ‘उचल’ याच्या जवळची आहे. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते. ती फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. ‘पैसे बुडविले’ असे गावात म्हटले जाऊ नये, ही भीती मजुराला लेखी करारापेक्षा घट्ट बांधते. गिरीत अपेक्षित असलेले परस्पर दायित्व मात्र येथे दुबळे आहे. उचल देणाऱ्याची अब्रू मजुराच्या हालांमुळे सहसा जात नाही.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने वेठबिगारीच्या कर्जाची परतफेड करण्याचे दायित्वच संपुष्टात आणले. उचल वेठबिगारीचे रूप घेते तेथे हे संरक्षण मजुरालाही आहे. परंतु ते मागावयाचे तर ज्या गावात राहावयाचे, तेथेच कर्ज नाकारणारा म्हणून उभे राहावे लागते.