ई-टपालाची उफणणी खळ्यावरच करावी

मळणी झाल्यावर सोयाबीन भुसकटासकट गाडींत भरून घरीं आणावें आणि मग ओसरीवर बसून उफणावें, असें कोणी शहाणा शेतकरी करीत नाहीं. तसें केल्यास भुसकटाचेंही गाडीभाडें अंगावर पडेल. खळ्यावर उफणून दाणे तेवढे पोत्यांत भरावे, हीच आपली रीत. परंतु ई-मेलच्या बाबतींत आपणांपैकीं पुष्कळांचा व्यवहार नेमका उलट असतो. कामाचें एक पत्र व बिनकामाचीं वीस पत्रें अशीं सारींच आपण मंद इंटरनेटवरून घरापर्यंत ओढून आणतों आणि मग निवडीत बसतों. ही निवड टपाल सांभाळणाऱ्या दूरच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवरच कशी करावी, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

शेतकऱ्यास ई-मेलचें काय काम, असें कोणी विचारील. १ जुलै १९९८ रोजीं आपला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हां हा प्रश्न योग्य ठरला असता. आज तसें राहिलें नाहीं. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाची ओळख-पडताळणी होतांना सांकेतिक अंक त्याच्या ई-मेलवर येतो. वस्तु व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यांतील कलम १६९ अन्वयें, नोंदणीच्या वेळीं दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठविणें ही बजावणीची एक रीतसर पद्धति आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल कचेरींत गेली. ‘बजावणी’ या शब्दाचें वजन तेथें रोज दिसे. कागद हातीं पडूनही वाचला नाहीं, एवढ्या सबबीवर मुदत वाढत नाहीं. स्पॅम म्हणजे अनाहूत टपाल. तें केवळ वेळ खातें असें नव्हे, तर त्याच्या ढिगाखालीं अशी नोटीस दडपली जाते, हा खरा धोका आहे.

या उपद्रवाचें मूळ जुनें आहे. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नामक विक्रेत्यानें अर्पानेट या तत्कालीन जाळ्यावरील सुमारें ४०० जणांस आपल्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. पहिलें अनाहूत ई-पत्र तें हेंच, असें मानतात. भारतांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसाधारण जनतेस खुलें केलें, आणि त्यामागोमाग हा त्रासही आला. कागदी पत्रास पाठविणारा तिकीट लावतो, म्हणून तो विचार करून लिहितो. ई-पत्रास तिकीट नाहीं. लाख पत्रें धाडण्यास पाठविणाऱ्यास जवळजवळ कांहीं पडत नाहीं. वेळेचा व डेटाचा भार मात्र घेणाऱ्यावर पडतो.

हा भार किती, तें हिशेबानें पाहूं. शेतावर किंवा डोंगराच्या आडोशास इंटरनेटचा वेग सेकंदास ४० किलोबिट मिळतो असें समजूं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा वेग सेकंदास ५ किलोबाइट झाला. सरासरी १०० किलोबाइटांचीं ५० पत्रें आलीं, तर तीं सर्व उतरण्यास १००० सेकंद, म्हणजे सुमारें १७ मिनिटें लागतील. त्याच पत्रांचे केवळ मथळे, म्हणजे पाठविणारा, विषय व तारीख, प्रत्येकीं ४ किलोबाइट धरले तरी ४० सेकंदांत येतील. शिवाय पत्रास चित्र अगर दस्तऐवज जोडतांना त्याचें अक्षरांत रूपांतर होतें, आणि त्यामुळें त्याचा आकार सुमारें एकतृतीयांशानें वाढतो.

तेव्हां पहिला उपाय हा कीं, आधीं लखोटा पाहावा, मग पत्र मागवावें. ई-टपाल आणण्याच्या दोन पद्धति प्रसिद्ध आहेत. ‘पॉप’ ही पद्धति बहुधा सर्व पत्रें संपूर्ण उतरवून घेते. ‘आयमॅप’ ही दुसरी पद्धति मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ मध्यें योजिली. तींत पत्रें सर्व्हरवरच राहतात व मथळे पाहून हवें तेवढेंच मागवितां येतें. मंद जोडणीवर दुसरीच पत्करावी. थंडरबर्डसारख्या प्रोग्रामांत मात्र सर्व पत्रें संगणकावर उतरवून ठेवण्याची खूण मुळांतच केलेली असते, ती काढून टाकावी. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्यें थोड्याच दिवसांचें टपाल आणावें, जोडपत्रें वाय-फाय असतांनाच उतरवावीं आणि चित्रें दाखविण्यापूर्वीं विचारावें, अशा तीन सोयी आहेत. त्या तिन्ही लावून घ्याव्या. चित्रें बंद ठेवण्याचा आणखी एक लाभ असा कीं, पत्र उघडलें गेलें ही बातमी पाठविणाऱ्यास चित्रावाटे पोंचत नाहीं.

दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरवर बसविलेली चाळणी. तीस ‘फिल्टर’ म्हणतात. जीमेलमध्यें ती संगणकावरून एकदां बसवावी लागते, पुढें ती आपोआप चालते. बँक, करखातें, विमा कंपनी व आपला हिशेबनीस यांच्या पत्त्यांस ‘स्पॅममध्यें कधींही टाकूं नये’ असा नियम लावावा. नियमांत पूर्ण पत्ता घालावा. नुसतें नांव घातल्यास त्याच नांवाचा तोतयाही आंत शिरेल. बियाणें व औजारें यांच्या जाहिरातींस निराळें लेबल देऊन त्या आवक-पेटींतून बाजूस काढाव्या. ओळखीच्या कंपनीचीं पत्रें नकोशीं झालीं तर वर्गणी बंद करण्याची कळ दाबावी. अनोळखी पत्रांतील अशा कळीस मात्र हात लावूं नये. त्यानें पत्ता चालू असल्याची खातरी पाठविणाऱ्यास पटते.

तिसरी गोष्ट, ही चाळणी शिकाऊ आहे. ऑगस्ट २००२ मध्यें पॉल ग्रॅहम यांनीं एका निबंधांत असें मांडलें कीं, चांगल्या व वाईट पत्रांत कोणते शब्द किती वेळां येतात याची नोंद ठेवून नव्या पत्राची संभाव्यता काढावी. हा हिशेब अठराव्या शतकांतील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या गणितावर आधारलेला आहे. यास्तव अनाहूत पत्र नुसतें पुसूं नये, तर त्यावर ‘स्पॅम’ अशी खूण करावी. आणि चुकून तेथें पडलेल्या चांगल्या पत्रावर ‘स्पॅम नव्हे’ अशी खूण करावी. अशा खुणांनीं चाळणीस वळण लागतें.

तथापि कोणतीही चाळणी निर्दोष नसते. भोकें बारीक केलीं तर दाणाही भुसकटांत जातो. दहा जाहिराती घरांत आल्या तर दोन मिनिटें वायां जातील, पण एक नोटीस बाहेर राहिली तर दंड भरावा लागेल. म्हणून संशयित पत्र तत्काळ नष्ट करण्याचा नियम कधींही घालूं नये. जीमेल स्पॅममधील पत्रें ३० दिवसांनीं आपण होऊन पुसून टाकतो. तत्पूर्वीं, आठवडी बाजाराच्या दिवशीं, त्या ढिगाचे मथळे तेवढे एकदां नजरेखालून घालावे. तेथें सरकारी म्हणविणारें पत्र सांपडल्यास पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा आहे कीं नाहीं तें पाहावें. तरीही पत्रांतील दुव्यावर न जातां त्या खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन खात्री करावी. अनुदानाच्या नांवाखालीं ॲप उतरवावयास सांगणारें पत्र उघडूंच नये. पैसे गेलेच तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वरील सर्व व्यवस्था एका सायंकाळचें काम आहे. घरांतील शिकल्या मुलामुलींस जवळ बसवून ती करून घ्यावी, आणि आपल्या कंपनीच्या इतर संचालकांसही दाखवावी. कारण नोटीस कोणाच्याही पत्त्यावर आली तरी तिचा परिणाम सर्व सभासदांस भोगावा लागतो.