क्षेपणभूमी
नगरातील घनकचरा अंतिमतः टाकण्यासाठी राखून ठेवलेली जमीन. व्यवहारात तिला ‘कचरा डेपो’ असेही म्हणतात. क्षेपणभूमीचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत : कचरा नुसता उघड्यावर ओतला जातो अशी जागा आणि तळाशी अस्तर घालून, कचरा थराथराने दाबून व रोज मातीने झाकून केलेली शास्त्रोक्त भरावभूमी. दुसऱ्या प्रकाराचा आधुनिक नमुना अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रेझ्नो येथे १९३७ मध्ये सुरू झाला. भारतातील जुन्या क्षेपणभूमी बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडतात.

कचऱ्यातील बदल : हवेच्या अभावी ओल्या कचऱ्याचे विघटन होऊन मुख्यतः मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू निर्माण होतात. मिथेन ज्वालाग्राही असल्याने ढिगाच्या पोटातील आग अनेक दिवस धुमसत राहते. ढिगातून झिरपणारे पावसाचे पाणी अमोनिया, लवणे, सेंद्रिय द्रव्ये व काही जड धातू आपल्याबरोबर नेते. हा काळपट द्रव भूजलात मिसळल्यास परिसरातील विहिरी निकामी होतात. भिजलेले उंच ढीग ढासळूही शकतात. फिलिपीन्समधील पायातास येथे जुलै २००० मध्ये अशा दुर्घटनेत दोनशेहून अधिक माणसे दगावली.

स्थाननिवड : भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमी नदीपासून १०० मी. आणि तलाव, महामार्ग, लोकवस्ती, सार्वजनिक उद्याने व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मी. दूर असावी, असे निकष घालण्यात आले. कचऱ्यावर जमणाऱ्या पक्ष्यांपासून विमानांना धोका असल्याने विमानतळापासून सर्वसाधारणपणे २० किमी. अंतर सांगितले गेले. पूरक्षेत्रे व पाणथळ जागा वर्ज्य ठरल्या. तळाशी ९० सेंमी. जाडीचा, पाणी जवळजवळ न झिरपणारा मातीचा थर व त्यावर १·५ मिमी. जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर असावे आणि भूजलाची सर्वोच्च पातळी मातीच्या थराच्या तळापासून किमान २ मी. खाली असावी, अशीही अट होती. जागा २० ते २५ वर्षे पुरेल एवढी लागते.

अंतराचे निकष पाळले, तरी भूस्तराची परीक्षा वेगळी करावी लागते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून त्यातील भेगा व सांध्यांतून पाणी दूरवर जाते. सोडून दिलेल्या दगडखाणी आयत्या खड्ड्यांमुळे स्वस्त वाटतात. परंतु तेथे भेगाळलेला खडक उघडा पडलेला असतो. काळी माती ओली असताना पाणी अडविते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडत असल्याने केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

नगर व गाव : मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला, तेव्हा ती ठाणे खाडीकाठची शहराबाहेरची जागा होती. पुढे वस्ती तिच्या कडेला भिडली व जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर लोकवस्तीत पसरला. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जाऊ लागल्यावर विहिरी दूषित झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि ग्रामस्थांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. ही गावे २०१७ पर्यंत महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती. त्यामुळे ज्या संस्थेचा कचरा त्यांच्या शिवारात येई, तिच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते. स्थाननिवडीतील वादाचे मूळ बहुधा या विसंगतीत असते. लाभ नगराला आणि उपद्रव गावाला अशी विभागणी असेपर्यंत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष जागेलाही विरोध होतो.

नियोजन : कचरा जितका कमी येईल, तितकी क्षेपणभूमी अधिक काळ टिकते. भारतीय नगरांच्या कचऱ्यात ओल्या पदार्थांचे प्रमाण मोठे असते. घरातच ओला व सुका कचरा वेगळा केल्यास ओल्यापासून खत वा जैववायू मिळतो आणि सुका पुनर्वापरासाठी जातो. या कामी कचरावेचकांचा वाटा मोठा असून पुण्यात त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा केला जातो. भरावभूमीत केवळ निरुपयोगी व न कुजणारा अवशेष जावा, हे नियोजनाचे सूत्र होय. जुने ढीग उपसून, चाळून त्यांतील माती व जळाऊ पदार्थ वेगळे काढण्याच्या पद्धतीस जैवखनन म्हणतात. तीमुळे जमीन पुन्हा मोकळी होऊ शकते. बंद केलेल्या भरावभूमीवरही मातीचे आच्छादन घालून तेथील वायू व झिरपणारे पाणी यांवर किमान १५ वर्षे देखरेख ठेवावी लागते.