कोवळी ज्वारी आणि विकरांचा वेग

पावसानें ओढ दिली, खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन माना टाकूं लागली आणि बांधावरचें गवतहि संपलें, म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यांत एक जुनी वार्ता पुन्हा कानीं येते. दावें तोडून एखादें जनावर ज्वारींत शिरतें, चार घास घाईनें ओरबाडतें आणि घरीं परततां परततां वाटेंतच कोसळतें. मग कोणी म्हणतो पान लागलें, कोणी म्हणतो दृष्ट लागली, आणि कोणी उगाच शेजाऱ्याकडे संशयानें पाहूं लागतो.

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. जिंतूर तालुक्यांतील एका गृहस्थाचीं दोन जनावरें एकाच वेळीं एकाच तुकड्यांत शिरलीं. लाल कंधारी गाय रात्रभर उपाशी होती; तिनें कापणीनंतर फुटलेले कोवळे पोंगे अधाशासारखे खाल्ले. बैल सकाळीं कडबा खाऊन निघालेला. तो धुऱ्याकाठीं रेंगाळत चरला. गाय अर्ध्या तासांत गेली. बैल कांहीं वेळ धापा टाकून संध्याकाळपर्यंत सावरला. शेत एक, पीक एक, वेळ एक. मग परिणाम दोन कां? ह्याचें उत्तर विषाच्या नांवांत नाहीं, वेगांत आहे. म्हणून हा विषय थोड्या विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत तयार विष जवळजवळ नसतेंच. तेथें असतें तें धुरिन नांवाचें द्रव्य. इ. स. १९०२ मध्यें डन्स्टन व हेन्री ह्या इंग्रज रसायनज्ञांनीं तें ज्वारींतून वेगळें काढलें आणि ज्वारीच्या ‘धुरा’ ह्या अरबी नांवावरून त्यास हें नांव मिळालें. धुरिन पानाच्या वरच्या सालीच्या पेशींत सांठलेलें असतें. तें फोडणारें विकर, म्हणजे ज्यास कित्येक एन्झाइम म्हणतात तें, आंतील गराच्या पेशींत असतें. दोघांच्या मध्यें भिंत आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. जनावराच्या दाढेखालीं पान चिरडलें कीं भिंत मोडते, विकर धुरिनास फोडतें आणि त्यांतून हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडतें. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांतील सूक्ष्म जीवहि ह्या फोडणीस हातभार लावतात. म्हणून घोड्यापेक्षां गाईबैलांस धोका अधिक.

आतां हें विकर किती वेगानें काम करतें? येथें मानवत किंवा सेलूच्या जिनाचें उदाहरण घेऊं, कारण कापूस घेऊन तेथें न गेलेला शेतकरी आमच्या वाचकांत विरळा. जिनांत रेचे ठराविक असतात. कापूस थोडा असेल तर कांहीं रेचे रिकामे राहतात. अशा वेळीं कापूस दुप्पट आला तर रुईहि सुमारें दुप्पट निघते. कापूस वाढत गेला कीं रेचे भरत जातात आणि नवीन गाडीमुळें होणारी वाढ कमी कमी होते. सर्व रेचे भरल्यावर फाटकाबाहेर शंभर गाड्या उभ्या राहिल्या तरी रुईचा वेग तोच. विकराचे कण हे रेचे, आणि तीं ज्या द्रव्यावर काम करतात तें कार्यद्रव्य हा कापूस. बर्लिन येथें लिओनोर मिखाएलिस व कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेंटेन ह्या बाईंनीं इ. स. १९१३ मध्यें उसाची साखर फोडणाऱ्या विकरावर प्रयोग करून हाच नियम गणितांत बसविला. कार्यद्रव्याच्या ज्या तीव्रतेस वेग त्याच्या कमाल मर्यादेच्या निम्मा होतो, ती तीव्रता त्या विकराची खूण मानतात. खूण लहान असेल तर थोड्या मालावरहि रेचे भरून वाहतात.

हा नियम गाईच्या पोटांत दोन ठिकाणीं लागू पडतो. पहिलें ठिकाण चारा. ताज्या कोवळ्या पानांत विकराची वाण नसते. म्हणून किती विष सुटावें हें मुख्यतः धुरिनाच्या सांठ्यावर ठरतें. उगवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तो सांठा सर्वांत दाट असतो आणि ताट वाढतें तसा विरळ होतो. परंतु पाण्याच्या ताणानें वाढ खुंटली, नत्राचें खत भारी पडलें, किंवा कापलेल्या ताटास नवे पोंगे फुटले, तर तो पुन्हा चढतो.

दुसरें ठिकाण काळीज, आणि आमच्या मतें खरा उलगडा तेथेंच आहे. काळजांत रोडानीज नांवाचें विकर आहे, इ. स. १९३३ मध्यें लांग ह्या जर्मन संशोधकानें तें उजेडांत आणिलें. तें सायनाइडास गंधक जोडून त्याचें थायोसायनेट करतें, जें फारसें विषारी नसून मूत्रावाटे निघून जातें. हें विकर काळजांत मुबलक आहे. परंतु त्यास दोन कार्यद्रव्यें लागतात, सायनाइड आणि गंधक देणारें द्रव्य. आणि हें दुसरें शरीरांत मोजकेंच असतें. गाड्या पुष्कळ, माल पुष्कळ, पण बैल मोजके, अशी ती गत. विष हळूहळू आलें तर काळीज तें निस्तरतें. एकदम आलें तर उरलेलें विष रक्तावाटे सर्व अंगांत जाऊन, पेशींना प्राणवायु वापरूं देणारें तिसरेंच एक विकर बांधून टाकतें. जनावर श्वास घेतें, रक्त लालभडक राहतें, पण पेशी गुदमरतात. आमच्या गृहस्थाची गाय आणि बैल ह्यांतील भेद तो हाच.

हिशेब करून पाहूं. जनावराच्या वजनाच्या दर किलोस सुमारें २ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल एकदम पोटांत गेलें तर तें प्राणघातक मानतात. ३०० किलोच्या बैलास तें ६०० मिलिग्रॅम होतें. एक किलो हिरव्या चाऱ्यांत २०० मिलिग्रॅम असेल, तर अवघा ३ किलो चारा पुरे. उपाशी बैल तेवढा बघतां बघतां फस्त करतो; तेवढाच चारा दिवसभरांत थोडा थोडा खाल्ला तर बहुधा निभावतें.

उपचारहि ह्याच नियमावर चालतो. पशुवैद्य शिरेंतून सोडियम नायट्राइट देतात. त्यामुळें रक्तांतील कांहीं भाग विषास आपल्याकडे ओढून घेतो. पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट देतात. छायाचित्रकार हायपो म्हणून वापरतात तेंच हें. तें गंधक पुरवितें, आणि अडून बसलेल्या रोडानीजचा वेग चढतो. विकर तेंच, फक्त कार्यद्रव्य वाढविलें. वेळ मिनिटांत मोजावी लागते. म्हणून पशुवैद्यास बोलावण्याआधीं झाडपाल्यांत वेळ दवडूं नये आणि धाप लागलेल्या जनावराच्या तोंडांत बाटलीनें कांहीं ओतूं नये. तें श्वासनळींत जातें.

चाऱ्याविषयीं दोन शब्द. निम्म्याहून अधिक पीक फुलोऱ्यांत आल्यावर कापलेली ज्वारी बहुधा निर्धोक असते; पक्व कडब्याची भीति नाहीं. मुरघासांतहि विष पुष्कळ उतरतें. मात्र कोवळेपणीं कापून नुसता सुकत टाकलेला चारा सुरक्षित झाला असें कोणी समजूं नये. तसेंच ताणानंतर पाऊस पडला कीं लगेच जनावरें सोडण्याची घाई नको. त्या वेळीं फुटणारे कोवळे पोंगेच सर्वांत वाईट. इ. स. १९७२ मध्यें परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें आणि तेथून ‘परभणी मोती’सारखे वाण आपल्या रानांत आले, पण वाण कोणताहि असो, पोंग्याचा स्वभाव तोच. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं धुरिन मुळींच न करणारी ज्वारी इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध केली आहे. आपल्या काळ्या जमिनींत ती कशी उतरेल हा पुढील प्रश्न आहे.

ज्यास आपल्या शेताविषयीं शंका असेल त्यानें चार कोवळीं ताटें ओल्या फडक्यांत गुंडाळून जवळच्या पशुवैद्याकडे न्यावीं. पानें बारीक कापून बाटलींत घालतात, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब टाकतात आणि बुचाखालीं सोडियम पिक्रेटचा पिवळा कागद लोंबता ठेवतात. विष सुटलें कीं कागद विटकरी होतो. जितका लवकर विटकरी, तितका पानांत धुरिनाचा सांठा दाट; त्या रानांत जनावर फुलोऱ्यापर्यंत सोडूं नये.